दुपारचं रीडिंग आणि पहाटेचं रीडिंग : नागपुरातल्या एका तळ्यावर नॅनोबबल मशीन लावण्याचं प्रकरण

तळ्याचं नाव मी लिहीत नाहीये, कारण तिथलं काम अजून चालू आहे आणि नाव आलं की चर्चा पाण्याची राहत नाही, कोणी काय केलं आणि कोणी नाही केलं यावर जाते. एवढं सांगते की हे फुटाळा किंवा अंबाझरीसारखं मोठं तळं नाही. रिंग रोडच्या आतलं, साधारण पाच एकरांचं, सरासरी दीड मीटर खोल, एका बाजूला जुना मातीचा बांध आणि उरलेल्या तीन बाजूंना लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वस्ती. बांधाजवळ खोली तीन मीटरपर्यंत जाते, बाकी सगळं उथळ. मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे, ते रोहू-कटला सोडतात, आणि गणपतीचं विसर्जन आता बाजूच्या कृत्रिम टाक्यात होतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पाणी तपासायचं काम विद्यार्थ्यांना घेऊन बरीच वर्षं करते, म्हणून लेआउटच्या लोकांनी मला बोलावलं.

तक्रार दोन गोष्टींची होती आणि लोक त्या एकच समजत होते. एक म्हणजे काई, पाण्यातलं शेवाळ. मार्चपासून पाणी हिरवं व्हायला लागतं, मे महिन्यात वाऱ्याच्या दिशेनं एका कोपऱ्यात पोपटी जाड थर जमतो आणि तो सडला की वास घरात येतो, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. दुसरी गोष्ट मासे मरण्याची. हे मरणं बहुतेक नवतपा संपता संपता होतं, म्हणजे नऊ दिवस पारा ४५ च्या आसपास राहतो, मग एकदम आभाळ येतं, वारा पडतो, उकाडा होतो आणि दोन-तीन दिवसांत एका पहाटे बांधाच्या कडेला मेलेल्या माशांची रांग लागलेली असते. दरवर्षी कोणीतरी म्हणतं की रात्री विष टाकलं. एकदा तर पोलिसांपर्यंत गेलं होतं प्रकरण.

विष कोणी टाकत नव्हतं. दिवसा काई उन्हात ऑक्सिजन तयार करते आणि रात्री तीच काई तो ऑक्सिजन वापरते, सोबत तळाचा गाळ वापरतो, मासे वापरतात, आणि सगळ्यांचा रात्रभराचा खर्च दिवसाच्या कमाईतून भागवावा लागतो. त्यात पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावतो तर ३५ अंशांना ७ सुद्धा नाही. आभाळाच्या दिवशी कमाई कमी, रात्रीचा खर्च तेवढाच, वारा नाही म्हणून हवेतूनही काही मिळत नाही, त्यामुळे पहाटे चार-पाचला पाण्यातला ऑक्सिजन शून्याजवळ जातो. माशांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष निदान ४ मिलिग्रॅमचा आहे.

तर या परिस्थितीत नॅनोबबलचा प्रस्ताव आला. एका कंपनीनं फुकट डेमो देतो म्हणून मशीन आणून बांधावर ठेवलं, कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही कारण अशा बऱ्याच आहेत आणि बोलणं सगळ्यांचं सारखंच असतं. पंप, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं कॉन्सन्ट्रेटर, आणि एक नॉझल ज्यातून पाणी जोरात जाताना त्यात अगदी बारीक बुडबुडे तयार होतात. तासाला २० घनमीटर पाणी फिरवणारं, पाच हॉर्सपॉवरचं. डेमो ठेवला दुपारी बाराला, कारण पाहुणे त्याच वेळी येऊ शकत होते. ऑक्सिजन मोजायचा मीटर पाण्यात बुडवला, आकडा आला लिटरमागे १३ मिलिग्रॅम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले, आणि त्याच दिवशी पूर्ण तळ्यासाठी मशीन घ्यायचं जवळजवळ ठरूनच गेलं.

माझ्यासोबत एमएस्सीची एक विद्यार्थिनी होती, ती काही न बोलता आमचा मीटर घेऊन समोरच्या टोकाला गेली, मशीनपासून तळ्यात जेवढं लांब जाता येईल तेवढं, आणि तिथे मोजलं. तिथेही १३ च्या आसपासच. तेवढ्या गरम पाण्यात ७ च्या थोडं वर मावतो, म्हणजे पाण्यात जवळपास पावणेदोन पट ऑक्सिजन कोंबलेला होता आणि तो मशीननं कोंबला नव्हता, काईनं कोंबला होता. दुपारचा १३ हा आकडा तळं निरोगी असल्याचा पुरावा नाही, तो आजाराचं लक्षण आहे, कारण दुपारी जितका वर जातो तितकाच रात्री खाली येतो. सोबत पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, मोजला तर तो ९ च्या वर. ३० अंशाच्या पाण्यात पीएच ९ झाला की अमोनियाचा निम्म्याच्या आसपास भाग माशाला विषारी असलेल्या रूपात जातो, साडेसातच्या पीएचला हाच भाग दोन-तीन टक्के असतो. म्हणजे ज्या घटकेला मीटर सगळ्यात छान आकडा दाखवत होता त्या घटकेला माशांच्या कल्ल्यांना त्रास चालूच होता.

हे सगळं मी सांगायच्या आधी मच्छीमार सोसायटीचे भाऊ बोलले होते, पण गर्दीत कोणी ऐकलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, दुपारी कधी मासा मरून राहिला का? तो पहाटे मरते. तुम्ही पहाटे या नं." या प्रकरणात सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं असं मला वाटतं.

मग पहाटे गेलो. पाचच्या सुमारास, सोसायटीच्या होडीतून, मीटरची वायर काठीला बांधून तळापासून साधारण एक वीत वर. मशीनच्या नळीच्या अगदी तोंडाशी ६ च्या वर होता आणि चांगला होता, हे मान्य केलंच पाहिजे. तिथून वीस-पंचवीस मीटर पुढे गेलो की २, आणि मधल्या उथळ भागात १ च्या खाली. गाळाचा नमुना काढला तर काळा, सडक्या अंड्याचा वास. म्हणजे मशीन काम करत होतं आणि तळ्याला पुरत नव्हतं, दोन्ही खरं.

इथे थोडं नॅनोबबलबद्दल, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी फार काहीही बोललं जातं. एक मायक्रोमीटरपेक्षा लहान बुडबुडे ते हे, मशीनवाले साधारण १०० नॅनोमीटरचा आकार सांगतात. मोठा बुडबुडा, सोड्याच्या बाटलीत दिसतो तसा, सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वर जातो, म्हणजे दीड मीटर पाण्यात त्याला सहा-सात सेकंद मिळतात आणि तेवढ्यात त्यातला बहुतेक ऑक्सिजन पाण्यात न उतरता हवेत निघून जातो. १०० नॅनोमीटरचा बुडबुडा दिवसभरात एक मिलिमीटरसुद्धा वर येत नाही, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनीच इकडेतिकडे हलत राहतो. त्यामुळे उथळ तळ्यात ऑक्सिजन वाया न घालवता पाण्यात विरघळवायचा असेल तर ही पद्धत खरंच चांगली आहे, आणि आपल्याकडची तळी बहुतेक उथळच आहेत. दुसरा फायदा म्हणजे गाळ ढवळला जात नाही. कारंजी किंवा जाड बुडबुड्यांचे एरेटर उथळ जागी लावले की तळचा गाळ वर येतो आणि त्यातलं खत परत काईच्या हातात.

पण "बुडबुडे आठवडेभर पाण्यात राहतात म्हणून ऑक्सिजनचा साठा राहतो" हे जे सांगतात, ते हिशेबात बसत नाही. धरा एका मिलिलिटरमध्ये १० कोटी बुडबुडे आहेत, प्रत्येक १०० नॅनोमीटरचा, आत शुद्ध ऑक्सिजन, आणि इतक्या लहान बुडबुड्याच्या आत पृष्ठताणामुळे जो दाब येतो तो सुमारे ३० वातावरणांइतका, तोही धरा. तरी एका लिटर पाण्यात बुडबुड्यांच्या आत जमलेला ऑक्सिजन ०.००२ मिलिग्रॅम येतो. विरघळलेला असतो ७. बुडबुडे दहा पट केले तरी ०.०२. म्हणजे माशाला मिळतो तो विरघळलेला ऑक्सिजनच, बुडबुड्यातला साठा नाही, आणि मशीन विकत घेताना विचारायचं ते हे की दिवसाला किती किलो ऑक्सिजन पाण्यात विरघळवाल, बुडबुडे किती ते नाही. कंपनीच्या तरुण इंजिनियरसमोर मी हा हिशेब कागदावर मांडला. त्यानं तो नीट तपासला आणि मान्य केला, मला त्याचं कौतुक वाटलं. किलोचा आकडा त्यानंच दुसऱ्या दिवशी पाठवला.

काई थेट मारण्याचा दावाही आहे, बुडबुडे फुटताना हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्याच्याशी लगेच अभिक्रिया करणारे कण, तयार होतात आणि ते शेवाळाच्या पेशी तोडतात असा. प्रयोगशाळेतल्या भांड्यात, विशेषतः ऑक्सिजनऐवजी ओझोन वापरला तर, पेशी मरतात. पण तळ्याचं पाणी गढूळ, त्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर, रॅडिकल तिथे काईपर्यंत पोचायच्या आधीच इतर गोष्टींत खर्ची पडतात. आणि समजा पेशी फुटल्याच, तर आमच्या तळ्यात ते नकोच होतं. मायक्रोस्कोपखाली आम्हाला मायक्रोसिस्टिसच्या वसाहती दिसल्या होत्या, हे निळं-हिरवं शेवाळ आहे, काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष तयार करतात, पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवलीय. हे विष बरंचसं पेशीच्या आत असतं. पेशी एकदम फोडल्या की ते पाण्यात येतं आणि वर मेलेली काई कुजून उरलेला ऑक्सिजन खाते. मीटिंगमध्ये एका काकांनी मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, टाकायचं सुचवलं होतं, शेताच्या अनुभवावरून, त्यालाही माझं उत्तर हेच होतं. शिवाय तांबं गाळात साचतं ते वेगळंच.

आता मुख्य हिशेब. हा आम्ही सगळ्यांसमोर फळ्यावर केला, सिंचन खात्यातून रिटायर झालेले एक काका सोबत होते, आकडे त्यांनी तपासले.

तळं पाच एकर म्हणजे सुमारे २० हजार चौरस मीटर, पाणी ३० हजार घनमीटर. अशा कुजक्या गाळाला गरम पाण्यात दिवसाला चौरस मीटरमागे २ ग्रॅम ऑक्सिजन लागतो असं धरलं, तर ४० किलो. त्यात सांडपाणी कुजायला लागणारे २० किलो (ते कुठून आलं ते पुढे सांगते). झाले ६० किलो रोज, काईचा रात्रीचा खर्च यात धरलेलाच नाही. मशीन तासाला २० घनमीटर पाणी फिरवतं, शुद्ध ऑक्सिजन देऊन दर लिटरला २५ मिलिग्रॅम वाढवले असं उदारपणे धरलं तरी तासाला अर्धा किलो, चोवीस तासांत १२ किलो. गरज ६०, पुरवठा १२. तळ्याचं सगळं पाणी एकदा मशीनमधून जायलाच दोन महिने. पूर्ण तळ्यासाठी अशी पाच-सहा मशीनं लागतील, आणि एका मशीनचा पंप दिवसाला वीसच तास चालला तरी ७५ युनिट, युनिटला ९ रुपये धरले तरी महिन्याला वीस हजारांच्या वर बिल, कॉन्सन्ट्रेटरची वीज वेगळी. सहा मशीनं म्हणजे महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास, दरवर्षी, कायमचं.

कायमचं का, तर खत येणं थांबलेलं नाही म्हणून. काई फॉस्फरसवर वाढते. याचा सगळ्यात पटणारा पुरावा कॅनडातल्या ओंटारियोमधला आहे, तिथे १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ नंबरच्या सरोवराचे प्लास्टिकच्या पडद्यानं दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस फक्त एका बाजूला. तीच बाजू हिरवी झाली, विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याच्या रेषेवर रंग बदललेला दिसतो. तो फोटो मी मीटिंगमध्ये दाखवला, त्यानंतर "काई पाण्यातच तयार होते" हे म्हणणं बंद झालं. शेवाळाच्या पेशीत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं जे सर्वसाधारण प्रमाण असतं त्यावरून १ किलो फॉस्फरसपासून जास्तीत जास्त ११४ किलो कोरडी काई होऊ शकते, ओली तर त्याच्या कितीतरी पट.

आमच्या तळ्यात फॉस्फरस कुठून? उत्तरेच्या कोपऱ्यात पावसाळी नाली येऊन मिळते. एप्रिल महिन्यात, जेव्हा आठवडेच्या आठवडे थेंब पडलेला नाही, ती नाली वाहत होती. एप्रिलमध्ये पावसाळी नाली वाहत असेल तर ते पाणी पावसाचं नाही, एवढं समजायला प्रयोगशाळा लागत नाही, तरी आम्ही मोजलं, १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, सकाळी भरभर भरते, रात्री हळू, सरासरी तेरा सेकंद. म्हणजे दिवसाला १ लाख लिटर. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, ७ धरला तर ७०० ग्रॅम रोज, म्हणजे ८० किलो कोरड्या काईचं खत रोज. ३० हजार घनमीटर पाण्यात ७०० ग्रॅम म्हणजे लिटरमागे रोज २३ मायक्रोग्रॅमची भर, आणि तळं अतिपोषित, म्हणजे खत जास्त झालेलं, म्हणायला एकूण ३५ मायक्रोग्रॅम पुरतात. दीड दिवसाचं सांडपाणी पूर्ण तळं बिघडवायला पुरेसं आहे आणि ते बारा महिने येतंय.

गाळातून किती येतं? तळाशी ऑक्सिजन असला की लोहाची संयुगं फॉस्फरसला धरून ठेवतात, ऑक्सिजन संपला की ते लोह विरघळतं आणि धरलेला फॉस्फरस सुटतो. नॅनोबबलचा काईवरचा खरा उपयोग इथे आहे, तळाशी ऑक्सिजन ठेवून हा दरवाजा बंद करणं. अशा गाळातून दिवसाला चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅम सुटतो धरलं तर पूर्ण तळ्यातून २०० ग्रॅम. म्हणजे रोज जमा होणाऱ्या ९०० ग्रॅममधले ७०० नालीतून, २०० गाळातून. लाखो रुपयांचं मशीन अगदी शंभर टक्के यशस्वी झालं तरी ते २०० ग्रॅम थांबवणार. हे फळ्यावर लिहिल्यावर हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एक ताई म्हणाल्या, "म्हणजे आधी नाली. मग मशीनची गोष्ट इतके दिवस काहून करून राहिलो आपण?"

प्रश्न बरोबर होता, पण उत्तर तेवढं सरळ नाही, कारण नुसती नाली बंद करून भागतं असंही नाही. स्वीडनमध्ये वॅक्शो शहराजवळ ट्रुमेन नावाचं उथळ तळं आहे, तिथे १९५० च्या दशकाच्या शेवटी सांडपाणी थांबवलं तरी पुढची दहा-बारा वर्षं पाणी हिरवंच राहिलं, कारण वर्षानुवर्षं साचलेला गाळ आतून फॉस्फरस सोडत होता. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये वरचा सुमारे एक मीटर गाळ उपसला तेव्हा फरक पडला. उलट सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी वळवलं आणि काही वर्षांतच पाणी स्वच्छ झालं, पण ते खोल आणि मोठं सरोवर आहे. आमचं तळं ट्रुमेनसारखं. त्यामुळे माझी मांडणी अशी होती की नाली थांबवल्यावर गाळातले २०० ग्रॅम हेच मुख्य दुखणं होणार, आणि तेव्हा मशीन किंवा गाळ उपसणं यातलं काय करायचं हा खरा प्रश्न येईल. मशीन वाईट नाही, फक्त त्याची पाळी नंतरची आहे.

नागपुरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, सांडपाण्यासाठी फायटोरिडसारखी पद्धत इथेच विकसित झाली, खडीच्या थरातून पाणी नेऊन कर्दळ, पाणकणीस अशा झाडांच्या मुळांतून साफ करायची. नालीच्या तोंडाशी तसं काही करावं का हा मुद्दाही निघाला. जागा पुरत नव्हती, एका बाजूला रस्ता आणि दुसरीकडे कंपाउंड, शिवाय अशा वनस्पती-पद्धतीत फॉस्फरस सेंद्रिय घाणीइतका चांगला निघत नाही. तो पर्याय बाजूला ठेवला. बायो-कल्चरची पावडर विकणारेही येऊन गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सिंचन खात्यातल्या काकांनी नालीचं काम हातात घेतलं. नालीत ठिकठिकाणी चेंबर उघडून, घराघरांत रंगाचं पाणी सोडून बघितलं की कुठली गडर लाइन, म्हणजे घरांच्या सांडपाण्याची लाइन, पावसाळी नालीला जोडलीय. तीन जागा सापडल्या. यात कोणी मुद्दाम केलेलं असं नव्हतं, जुन्या लेआउटमध्ये गडर लाइन टाकताना जवळ जी नाली दिसली तिला जोडून दिलं होतं, आणि घरवाल्यांना माहीतही नव्हतं. दोन लाइन मुख्य गडरला जोडून झाल्या. तिसरी, एका मंगल कार्यालयाच्या मागची, अजून तशीच आहे कारण तिथे उतार मिळत नाही, पाणी उचलून टाकावं लागेल. बादलीनं परत मोजलं तेव्हा नालीतलं पाणी निम्म्याच्या खाली आलं होतं, पण लग्नाच्या तारखा असल्या की वाढतं.

मशीनचं काय करायचं यावर तीन मीटिंगा झाल्या. पूर्ण तळ्यासाठी घ्यायचं रद्द झालं. मी आणि सोसायटीच्या भाऊंनी मिळून वेगळी सूचना मांडली: एकच मशीन, भाड्यानं, उन्हाळ्यापुरतं, बांधाजवळच्या खोल कोपऱ्यात. तो कोपरा अर्धा एकर, दोन हजार चौरस मीटर. तिथल्या गाळाला दिवसाला ४ किलो ऑक्सिजन लागतो, मशीन १२ देतं, पाणी इकडेतिकडे जाणार हे धरूनही तेवढ्या भागात पहाटे माशांना जगता येईल असा पट्टा राखता येतो. मासे ऑक्सिजन असेल तिकडे सरकतात, भाऊंनी हे आयुष्यभर बघितलंय. म्हणजे काई कमी करण्याचा दावा सोडून द्यायचा आणि मशीनकडून फक्त एक काम मागायचं, की मासे मरू द्यायचे नाहीत.

करारात ज्या अटी घातल्या त्या मला या सगळ्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात, कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून लिहिते. ऑक्सिजनचं रीडिंग पहाटे पाच ते सहामध्येच, तळापासून एक वीत वर, ठरलेल्या चार जागी, त्यातली एक जागा मशीनपासून सगळ्यात लांबची, म्हणजे मशीनमुळे काय झालं आणि हवेमुळे काय झालं हे वेगळं दिसतं. रीडिंग कंपनीनं घ्यायचं नाही, आमच्या विद्यार्थ्यांनी आणि सोसायटीच्या माणसांनी मिळून घ्यायचं, कंपनीचा माणूस हजर राहू शकतो. कोपऱ्यातल्या जागी ४ च्या खाली गेलं तर त्या दिवसाचं भाडं नाही. मशीन लावायच्या आधीचे दोन आठवडे रीडिंग घेऊन ठेवायचं, आणि मध्ये एकदा चार दिवस मशीन बंद करून बघायचं, पण ते आभाळाच्या दिवसांत नाही. वीज कोण भरणार हे लिहून. नॉझलसमोरची जाळी कोण साफ करणार हेही लिहून, कारण आपल्या तळ्यात पन्न्या आणि निर्माल्य इतकं असतं की जाळी रोज चोक होते, आणि चोक झालेला पंप आवाज तर करत राहतो पण पाणी फिरवत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं मशीन चालू आहे. पारदर्शकता मोजायला वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची. फॉस्फरसचा नमुना महिन्याला एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा लॅबमध्ये.

उन्हाळा गेला. नवतपा उतरताना आभाळ आलंच, वारा पडलाच. त्या पहाटे लांबच्या जागी मीटर १ च्या खाली होता आणि उथळ भागात छोटे तिलापिया मेले, पण खोल कोपऱ्यात ४ च्या वर राहिलं आणि रोहू-कटला सगळे त्या अर्ध्या एकरात गोळा झालेले होडीतून दिसत होते. भाऊंनी त्या दिवशी जाळं टाकू दिलं नाही कोणाला. बांधाच्या कडेला दरवर्षीसारखी मोठ्या माशांची रांग लागली नाही. मशीनकडून जे मागितलं होतं ते त्यानं केलं, आणि ते लेखी नोंदवलं जावं असा मी आग्रह धरला, कारण कंपनीवर टीका झाली तशी ही गोष्टही नोंदीत यायला हवी.

काई मात्र आहे. तबकडी मे महिन्यात हातभर खोलीच्या आतच दिसेनाशी होत होती, मागच्यापेक्षा थोडं बरं, पण त्यातलं किती श्रेय दोन गडर लाइन वळवण्याचं आणि किती वाऱ्याचं हे एका उन्हाळ्यात सांगता येत नाही. वास कमी आहे असं लोक म्हणतात. पाण्यातला फॉस्फरस अजून ३५ मायक्रोग्रॅमच्या कितीतरी वर आहे. अंबाझरीत जलपर्णी पसरली तेव्हा ती मशीननं उचलून बाहेर काढता तरी येत होती, डोळ्यांना फरक दिसत होता. काईत तसं होत नाही, ती पाण्यातच असते आणि तिचं खत गाळात. त्यामुळे लोकांचा धीर सुटतो, "मशीन लावलं तरी हिरवंच" असं चालताना ऐकू येतं, आणि त्यांना दर वेळी थांबून समजावून सांगावं लागतं की मशीन काईसाठी लावलेलंच नाहीये.

आता पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन प्रस्ताव समोर आहेत. कंपनीचा, की तीन मशीनं घ्या, सवलत देतो. आणि काकांचा, की मंगल कार्यालयामागे चेंबर आणि छोटा पंप बसवून तिसरी लाइन मुख्य गडरला उचलून टाका, आणि पावसाळ्याआधी उत्तरेच्या उथळ कोपऱ्यातला गाळ, पाणी उतरलेलं असताना, पोकलेननं काढा. एक मशीन भाड्यानं परत लावायला दोन्ही बाजूंची हरकत नाही, सोसायटी भाड्यातला काही वाटा द्यायला तयार आहे. चेंबर-पंपाचं एस्टिमेट अजून यायचंय. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर माझं मत चेंबरला आहे, आणि तिन्ही मशीनं घ्यायचंच ठरलं तर निदान करारातली पहाटेच्या रीडिंगची अट काढू नका एवढं मी लेखी कळवलंय.